कुमारपाळाचं पटोळं आणि मंडईतले रंग



चातुर्मासात मंडईत जायचं म्हणजे निम्म्या गाळ्यांसमोरून नुसतं चालत पुढे जायचं. कांदे-बटाट्यांकडे आपण एरवीही बघत नाही, पालेभाज्या चार महिने बंद, वांगं बहुबीज. उरतं काय, तर दुधी, दोडका, भोपळा आणि गवार. या वर्षी बा सोबत होत्या. बा म्हणजे माझ्या सासूबाई. वय 81, पण गुरुवार पेठेतल्या गोडीजीच्या देरासरातून दर्शन करून मंडईपर्यंत चालत येतात. वांग्यांच्या ढिगासमोर त्या थांबल्या. मला वाटलं दम लागला. तर म्हणतात, "हा रंग बघ. खायला नाही चालत, पण नेसायला काय हरकत आहे?"

भाजीवाली मावशी हसली. मी मात्र हसले नाही, कारण आमच्या घरात दीड महिना नेमका हाच वाद चालू होता.

माझ्या लेकीचं लग्न माघात आहे. बांच्याकडे त्यांच्या आईचं पटोळं आहे. लाल, त्यावर नारीकुंजर भात, म्हणजे एक हत्ती, एक बाई, असं ओळीनं. मलमलच्या फडक्यात गुंडाळून, लवंगांची पुरचुंडी ठेवून त्यांनी ते साठ वर्षं जपलं. दर दिवाळीत बाहेर काढायचं, सावलीत वारा द्यायचा, घडी बदलून परत ठेवायचं. हे नातीला द्यायचं, हे ठरलेलं. आणि नात म्हणाली, "बा, मी रेशीम नेसणार नाही. कोश उकळतात तेव्हा आत जीव असतो. पाठशाळेत तूच तर मला नेऊन बसवायचीस."

बा गप्प झाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुमारपाळ राजा पटोळं नेसून पूजा करायचा. तू त्याच्यापेक्षा जास्त धर्मिष्ठ झालीस?"

या वाक्यावर कुणी काही बोलू शकलं नाही. मीही नाही. पण मला झोप येईना. म्हणून मी वाचायला बसले, पाटणला साळवींच्या घरी जाऊन आले, येवल्याला जाऊन आले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी ती गोष्ट, जशी आपल्याकडे सांगतात तशी. बाराव्या शतकातला गुजरातचा सोळंकी राजा कुमारपाळ. 1143 च्या सुमारास गादीवर आला, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांना गुरू केलं, राज्यात अमारी घोषणा केली. तो रोज नवं पटोळं नेसून पूजेला जाई. ही पटोळी जालन्याहून येत. एक दिवस कळलं की जालन्याचा राजा प्रत्येक पटोळं आधी स्वतः वापरतो, कुणी म्हणतं अंथरूण म्हणून, आणि मग पाटणला पाठवतो. म्हणजे इतके दिवस देवापुढे उष्टं वस्त्र. कुमारपाळानं जालन्यावर स्वारी केली आणि सातशे साळवी कुटुंबं उचलून पाटणला आणून वसवली. तेव्हापासून पटोळं पाटणचं झालं.

ही लोकपरंपरा आहे, शिलालेख नव्हे. पण कुमारपाळाचा हात आपल्या बाजूला पोचत होता, हा इतिहास आहे. कोकणच्या शिलाहार राजा मल्लिकार्जुनाचा त्याच्या सेनापतीनं पराभव केला होता. आणि मराठवाड्यात विणकरांची तोटा कधीच नव्हता. जालन्याच्या शेजारी पैठण, जिथलं कापड रोमपर्यंत जात होतं. दुसऱ्या बाजूला अजिंठा. तिथल्या भित्तिचित्रांतल्या काही वस्त्रांवर कडा किंचित विस्कटलेले पट्टे आहेत, आणि धागा आधी बांधून रंगवला की कापडावर अगदी तशीच कड उमटते.

मी बांना विचारलं, "जालना म्हणजे कुठलं माहीत आहे ना?" त्यांना वाटत होतं गुजरातेत कुठेतरी असेल. "आपलं जालना? सळ्यांचं?" असं म्हणून त्या कितीतरी वेळ विचार करत होत्या. साठ वर्षं पुण्यात राहून ज्याला त्या माहेरचं वस्त्र म्हणत होत्या, त्याचं माहेर सासरच्या मुलखात निघालं.

आता पटोळं विणतात कसं, हे थोडं सविस्तर सांगते. ते पाहिल्याशिवाय बा त्याला इतकं का जपतात हे मलाही कळलं नव्हतं.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि धोट्यातून आडवा जातो तो बाणा. साध्या कापडात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, झालं. छापील कापडात विणल्यानंतर वरून रंग चढतो. पटोळ्यात यातलं काहीच होत नाही. विणायच्या आधीच ताण्याचे आणि बाण्याचे, दोन्ही धागे जागोजाग सुती दोऱ्यानं घट्ट बांधतात आणि रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. मग काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या, पुढच्या रंगात बुडवायचं. असं प्रत्येक रंगासाठी. शेवटी तुमच्या हातात धाग्यांची एक लडी येते, तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी अर्धा हत्ती असतो. उरलेला अर्धा आडव्या धाग्यावर. विणताना दोन्ही ठिपके एकमेकांवर बरोब्बर बसले तरच हत्ती दिसतो. एक धागा केसभर सरकला की सोंड तुटते. म्हणून पाटणच्या मागावर दोन माणसं शेजारी बसतात, माग एका बाजूला कललेला असतो, आणि थोडं विणलं की सुईनं एकेक धागा उचलून जागेवर आणतात. धागा ठोकायला शिसवी लाकडाची तलवारीसारखी पट्टी असते. एका साडीला चार ते सहा महिने लागतात. म्हणून तर गुजरातीत म्हण आहे, पटोळ्यावरची भात फाटेल पण फिटणार नाही, अशा अर्थाची.

या पद्धतीला जगभर ज्या नावानं ओळखतात तो 'इकत' हा शब्द मलय-इंडोनेशियाच्या भाषेतला. अर्थ, बांधणं. पाटणची पटोळी तिकडे जहाजांनी जात. डच कंपनीनं त्यावर भरपूर पैसा केला. तिथल्या बेटांवर ती पवित्र वस्तू म्हणून वंशपरंपरेनं जपत. बांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं केलं?"

इथपर्यंत वाचताना मला बांची बाजू भक्कम वाटत होती. मग मी रंगांकडे आले आणि सगळं उलटं झालं.

आपण प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणतो. त्यात सातव्या व्रतात, भोगोपभोग परिमाणात, श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे येतात. पंधरा कर्मादान. त्यात 'साडी' असा शब्द आहे. लहानपणी मला वाटायचं, साडी नेसण्याबद्दलच काहीतरी आहे आणि आई तरी रोज साडीच नेसून ते म्हणते! (तो शब्द शकटाचा, म्हणजे गाडे बनवण्याचा धंदा. मला हे तिसाव्या वर्षी कळलं. हसू नका, तुमच्यातल्या कितीजणींना माहीत होतं?) त्यापुढे पाच व्यापार येतात : दंत, लाख, रस, केस, विष. आपण ते सुरात म्हणून मोकळ्या होतो.

यातलं 'लाख' म्हणजे नेमकं काय, हे हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात उलगडून सांगितलं आहे. लाक्षावाणिज्य म्हणजे लाख, मनशीळ, नीळ, धायटी, टाकणखार आणि त्यासारख्या वस्तूंची विक्री. ही यादी मी तीनदा वाचली. मैत्रिणींनो, ही जवळजवळ रंगाऱ्याच्या दुकानाची यादी आहे! लाखेचा किडा फांदीवर राळेचं कवच करून त्यातच राहतो. ती लाख खरवडून धुतली की जे लाल पाणी निघतं, तो रेशमाचा जुना लाल रंग. त्या पाण्यात किड्यांचीच लाली असते. नीळ झाडाच्या पानांपासून होते, पण पानं हौदात कुजवावी लागतात, पाणी घुसळावं लागतं, आणि त्या हौदात किती जीव पडून मरतात याला गणती नाही. धायटीची लाल फुलं रंगाला वापरतात आणि आसवं आंबवायलाही.

आणि योगशास्त्र लिहिलं कुणासाठी? कुमारपाळासाठी. त्याच्याच विनंतीवरून.

म्हणजे चित्र असं. राजा सकाळी लाखेनं लाल आणि निळीनं निळं-हिरवं केलेलं रेशमी पटोळं नेसून पूजेला बसतो, आणि त्याच राजासाठी त्याचे गुरू लिहितात की लाख आणि नीळ विकणं हे पापाचं घर आहे. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवणार होती. मी थांबवलं. कारण यात अजून दोन गोष्टी आहेत.

पहिली, आचार्यांनी निषेध केला तो व्यापाराचा. नेसण्याचा नाही. बांनी हा मुद्दा माझ्याआधी पकडला. "आम्ही काय लाखेचं दुकान टाकलं होतं?" बरोबर आहे. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्ही मोजतात. नेसणारी नसेल तर रंगवणारा कुणासाठी रंगवेल? दुसरी गोष्ट त्याहून अवघड. दंतवाणिज्याच्या खुलाशात दात, केस, नखं, हाडं, कातडी, लोकर असं सगळं येतं, आणि ते जिथे मिळतं त्या जागी जाऊन घेण्याचा निषेध आहे, कारण मागणी गेली की तिथला माणूस जीव मारायला निघतो. लेक म्हणाली, "मग केसाला नियम आणि कोशाला का नाही?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मी एका साध्वीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रश्न सोडू नकोस आणि बांना दुखवू नकोस. दोन्ही एकदम कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रेशीम शुद्ध, हे मानणारे आपण एकट्याच नव्हतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतून मुकटा आणि पीतांबर हेच सोवळं होतं. सुती कापड ओलं असतानाच सोवळं, रेशीम कोरडंही चालतं. पाणी-मळ धरत नाही म्हणून ते पवित्र, असा तो हिशोब. कोशाच्या आत काय होतं हे त्या हिशोबात नव्हतंच. कोशाचा धागा शेकडो मीटर सलग असतो. आतला पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो, धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडायच्या आधीच वाफ देतात किंवा उकळतात. पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशापासून काढलेलं अहिंसा रेशीम आता मिळतं, हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी ते पुढे आणलं. पण तो कातलेला धागा, त्याला सलग धाग्याची ती झळाळी नसते. शिवाय पाळीव रेशमाचा पतंग बाहेर पडला तरी त्याला उडता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता पुण्याकडे येते. मंडईची आजची इमारत 1886 ची, रे मार्केट म्हणून बांधली, आठकोनी मनोऱ्याची. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा. वाड्यात राहणाऱ्यांना रंगांची आवड दांडगी. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणचे आसावली दुपट्टे मागवले, तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी, असं सांगतात. हे पाच रंग मी पुन्हा हेमचंद्राचार्यांच्या यादीशेजारी ठेवून पाहिले. रेशमावरचा पक्का तांबडा बहुधा लाखेचा किंवा किरमिजाचा, आणि किरमिजही किडाच. हिरवा रंग एका झाडातून थेट मिळत नाही. आधी पिवळा चढवायचा, त्यावर नीळ. गुलाबी कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. सुंदर पण कच्चा, उन्हात उडतो. केशरीला पळस किंवा कुसुंबा-हळद. आणि डाळिंबी? इथे गंमत आहे. डाळिंबी रंग डाळिंबानं येत नाही. सालीच्या काढ्यात तुरटी घातली तर पिवळा येतो, लोखंडाचं पाणी घातलं तर काळपट शेवाळी. नाव दाण्यांचं, रंग दुसऱ्याच कशाचा.

आपल्या साड्यांच्या रंगांची नावं ऐका : वांगी, डाळिंबी, अंजिरी, लिंबू, जांभळा, आमरशी, पोफळी. सगळी मंडई! पैठणीच्या जुन्या रंगांत राघू म्हणजे पोपटी, शिरोदक म्हणजे शुभ्र पांढरी, काळी चंद्रकला म्हणजे काळ्या अंगाला लाल काठ. माझ्या हिशोबानं यातली रंगाच्या पापातून सुटलेली एकच, शिरोदक.

तर मग झाडाचे रंग घ्यावेत का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मंजिष्ठा म्हणजे मूळ, आल म्हणजे मूळ, आणि अख्खं झाड उपटल्याशिवाय मूळ निघत नाही. घरी रंगवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणून जो तो कांद्याची सालं सांगतो. आता आपण मंडईत पिशवी घेऊन कांद्याची सालं मागायला उभ्या राहिलो तर आधी ओळखीची बाई भेटायची! आमच्या घरी हळद, डाळिंबाची साल, झेंडू आणि हिरडा एवढ्यावरच प्रयोग झाले. झेंडू गणपतीनंतर मंडईबाहेर ढिगानं पडलेला असतो, त्याला तुरटीबरोबर छान पिवळा येतो.

यात एक गोष्ट मला अनपेक्षित वाटली. 1856 मध्ये पर्किननं पहिला रासायनिक जांभळा काढला, पुढे जर्मनीत मंजिष्ठेचा लाल कारखान्यात बनू लागला, 1897 ला कृत्रिम नीळ बाजारात आली. शेतातली नीळ बसली, लाखेचा रंग संपला. सातशे वर्षं उपदेशानं जे झालं नाही ते रसायनानं चाळीस वर्षांत केलं. आज येवल्यात विणलेल्या पैठणीच्या लाल रंगात किडा नाही. पण रंगाचं पाणी नदीत गेलं तर त्यातल्या जीवांचं काय, हा हिशोब पंधरा कर्मादानांत कसा बसवायचा? बांना मी हे विचारलं नाही. एका वेळी एक पुरे.

हातमागाच्या बाजूनं मात्र एक गोष्ट ठामपणे सांगते. गिरण्यांमध्ये धाग्याच्या खळीत एकेकाळी चरबी घालत, म्हणून आपल्याकडच्या कित्येक बायकांनी गिरणीचं कापड सोडलं होतं. हातमागाची खळ तांदळाची. सूत, खळ, पाणी आणि माणसाचा हात, इतकं स्वच्छ वस्त्र दुसरं नाही.

म्हणून लेकीनं ठरवलं, सुती पैठणी, हातमागाची. आणि मग आमच्या घरात खरी लढाई सुरू झाली, ती रंगांची. कारण पैठणीची जान धूपछावेत असते आणि सुतात धूपछाव आणणं सोपं नाही.

धूपछाव म्हणजे ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. निरी हलली की एकदा हा दिसतो, एकदा तो. रेशमाचा धागा चकचकीत असल्यामुळे लाल ताण्यावर हिरवा बाणा टाकला तरी मोराच्या मानेसारखं दिसतं. सुतावर तेच केलं तर दोन हात लांबून चिखलासारखा तपकिरी दिसतो. आम्ही नमुना विणून घेतला तेव्हा हेच झालं आणि एक मीटर कापड वाया गेलं. त्याचा आता पायपुसण्याचा लाड चालला आहे. तेव्हा येवल्यातल्या विणकर काकांनी सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. समोरासमोरचे रंग सुताला घेऊ नयेत, शेजारचे घ्यावेत : डाळिंबी-अंजिरी, निळा-जांभळा, लिंबू-पोपटी. दोन्ही रंग सारखेच गडद किंवा सारखेच फिके हवेत. एक फार फिका, एक फार गडद असेल तर कापड झळकत नाही, मीठ-मिरी सांडल्यासारखं ठिपकेदार दिसतं. हे ओळखायला डोळे अर्धे मिटून दोन्ही लड्या बघायच्या. एक दुसरीत विरघळली तर जोडी जमली. सूत बारीक घ्यायचं आणि मर्सराइज केलेलं, म्हणजे कॉस्टिक सोड्यात ताणून धरलेलं, त्याला थोडी चमक असते.

लेकीनं आणखी एक युक्ती केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांवर दोन-दोन रंगांचे धागे एकाआड एक गुंडाळले. अशा सतरा पट्ट्या झाल्या. खिडकीत उन्हात, मग ट्यूबलाइटखाली, मग हॉलमध्ये लांबून. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जो रंग आवडला होता तो दिवसाच्या उजेडात आजारी दिसत होता. साडीचं दुकान असो की सुताचं, लडी हातात घेऊन दारात उजेडात या. दुकानदार काही म्हणत नाही.

काठाचं तंत्रही आधी विचारून घ्या. सगळ्या आडव्या ओळीसाठी एकच धोटा चालवला तर अंगाचा बाणा काठातूनही जातो आणि काठाचा रंग बदलतो. पिवळ्या काठात जांभळी झाक येते ती यामुळे. कडियाल विणीत तीन धोटे असतात, दोन काठांना आणि एक अंगाला, आणि जिथे ते भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. मग काठ अगदी स्वच्छ एकरंगी राहतो. मेहनत जास्त, किंमतही जास्त. पदर छोट्या छोट्या कांड्यांनी, रंगागणिक वेगळी कांडी, असा विणतात. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही सुलट बाजूइतकाच साफ दिसतो. मागे धागे लोंबत असतील, कापलेले असतील, तर तो हाताचा नव्हे. पटोळ्याचं म्हणाल तर दुकानात त्या नावानं पुष्कळदा राजकोटची एकेरी साडी असते, तिच्यात फक्त बाणा रंगवलेला असतो. टोकाचा उभा धागा उसवून बघा. तोही तुकड्या-तुकड्यांनी रंगीत असेल तरच दुहेरी.

आणि जर! हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार ज्या धाग्यावर गुंडाळतात तो धागा रेशमाचा असतो. साडी सुती आणि जर रेशमाच्या पोटाची, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. विणकर काकांना विचारलं तर ते क्षणभर बघतच राहिले. मग म्हणाले, "ताई, चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी सुती पोटाची जर शोधून दिली. सोन्याचं पाणी नाही त्यावर, पण दिसते छान.

परवा मंडईत वांग्यांसमोर थांबलेल्या बा म्हणजे हेच सगळं चालू असताना. रंग ठरत नव्हता. लेकीला वांगी हवा होता, मला डाळिंबी. बांनी वादात पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्या मंडईत दर गाळ्यासमोर थांबत होत्या. शेवटी फळांच्या गाळ्यावर एक डाळिंब फोडून ठेवलं होतं, शेजारी अंजिरांची टोपली. बांनी अंजीर उचललं नाही, नुसतं बोट दाखवलं. "लांबीला हे, आडवं ते." म्हणजे ताणा डाळिंबी, बाणा अंजिरी. आमच्या सतरा पट्ट्यांत ही जोडी चौदावी होती. त्यांनी त्या पट्ट्या रात्री चष्मा लावून पाहिल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

पटोळ्याचं काय, हे अजून ठरलेलं नाही. लेक म्हणते, ते आता विणून झालं आहे, साठ वर्षांहून जुनं आहे, मी ते नेसले तर नवा कोश उकळणार नाही, पण बघून कुणीतरी नवं विणायला सांगेल त्याचं काय. बा म्हणतात, तुला नको तर नको, पण मी गेल्यावर ते कापून पर्स करू नका. या दिवाळीत त्यांनी ते बाहेर काढलं, तेव्हा पहिल्यांदाच लेकीला हाताशी घेतलं. दोघींनी दोन टोकं धरून घडी बदलली. जुन्या घडीवर पुन्हा घडी घालू नये, तिथेच रेशीम तुटतं. मी दारातून बघत होते. हत्तीची सोंड आणि बाईचा हात, एकही धागा सरकलेला नव्हता.

येवल्याहून फोन आला आहे, ताणा चढला. पौषाअखेर साडी होईल म्हणाले.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, किंवा कुणाच्या बांना, आजींना दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.